पगार कुणाचा?

पगारपत्रकाला दोन बाजू असतात. एका बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता अशा मिळकतीच्या रकमा. दुसऱ्या बाजूला कपाती. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर, विम्याचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता. पहिल्या बाजूची बेरीज पाहून माणसाची छाती जेवढी फुगते, तेवढीच ती दुसऱ्या बाजूची बेरीज पाहून खाली बसते. आम्ही मास्तर मंडळी महिन्याच्या आरंभी हे पत्रक हाती घेऊन एकमेकांची थट्टा करतो. ही थट्टा फार जुनी आहे आणि निरुपद्रवी आहे. पण एखाद्या महिन्यात एखाद्याच्या पत्रकात कपातीच्या बाजूला एक नवी ओळ उगवते, ‘न्यायालयीन जप्ती’, आणि मग थट्टा थांबते. शिक्षकांच्या खोलीत त्या ओळीविषयी कुणी बोलत नाही. आणि कुणीच बोलत नाही, यावरूनच ती गोष्ट सर्वांना ठाऊक झाली आहे हे त्या माणसाला कळून चुकते.

अशा वेळी मला एक प्रश्न पडतो. वरवर पाहता तो पोरकट वाटेल. पगार कुणाचा? ज्याने महिनाभर राबून तो मिळवला त्याचा, हे उत्तर कुणीही देईल. पण ज्याचे पैसे त्याने घेऊन परत केले नाहीत तो धनको म्हणेल, ‘आधी माझा.’ घरात चूल पेटवणारी बाई काही म्हणणार नाही. पण महिन्याच्या एक तारखेला ती ज्या नजरेने नवऱ्याच्या खिशाकडे पाहते, त्या नजरेत तिचाही दावा असतो. शाळेची फी भरायची म्हणून दप्तरात पावतीपुस्तक घेऊन बसलेल्या पोराचा दावा तर कुठल्याच कागदावर नसतो. तेव्हा पगार कुणाचा, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

मी वकील नाही. शाळेत मराठी आणि गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गणिताच्या पुस्तकात व्याजाची उदाहरणे असतात. मुद्दल इतके, दर इतका, मुदत इतकी. तर रास किती? मुले भराभर उत्तरे काढतात. गेल्या वर्षी एका मुलीने हात वर करून विचारले, “गुरुजी, पण त्या माणसाने पैसे दिलेच नाहीत तर?” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेववेना. आमच्या पुस्तकातली सगळी माणसे वेळेवर पैसे देतात. त्यांच्या घरी आजारपण येत नाही, त्यांच्या गिरण्या बंद पडत नाहीत, पाऊस त्यांना दगा देत नाही. मुद्दल, दर आणि मुदत यांना सूत्रात जागा आहे. ‘घरात खाणारी माणसे किती’ याला जागा नाही. ज्या दिवशी पैसे देणे थांबते, त्या दिवशी अंकगणित संपते आणि नीतिशास्त्र सुरू होते.

कादंबरीकाराला या बाबतीत एक सोय असते. त्याला सावकार रंगवता येतो. पोट सुटलेला, कपाळाला गंध लावलेला, हातात खतावणी घेतलेला सावकार आणला की वाचकाची सहानुभूती ऋणकोकडे आपोआप जाते. तो सावकार अगदीच खोटा होता असे नाही. १८५९ नंतर रोख्यांची मुदत तीन वर्षांवर आली, तेव्हा दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत बळावली; दुष्काळाने व भावाच्या घसरणीने गांजलेला शेतकरी कोर्टाच्या हुकूमनाम्याखाली जमिनीला मुकू लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला. तिथून पुणे-नगर भागात जे पसरले, त्याचे वैशिष्ट्य असे की लोकांनी सावकारांचे जीव घेण्यापेक्षा त्यांच्याकडचे कागद मागितले आणि ते जाळले. त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि रोख्यावरच्या आकड्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे पाहण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. त्याआधीही आपल्या जुन्या धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून दिलाच होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये.

पण आजचा धनको तो गंधवाला सावकार राहिलेला नाही. आज तो बहुधा एक संस्था असतो. पतसंस्थेने मला दिलेले पन्नास हजार रुपये चेअरमनच्या तिजोरीतले नसतात. कुणा निवृत्त कारकुनाने आपल्या फंडाची रक्कम तिथे ठेवलेली असते, कुणा विधवेने नवऱ्याच्या विम्याचे पैसे. बँकेतल्या ठेवींना २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना त्या महामंडळाचे छत्र नाही. मी हप्ता बुडवला की तो कुणाच्या तरी औषधाच्या बाटलीतून बुडतो. सावकाराला खलनायक करणे सोपे होते, त्या विधवेला करता येत नाही. म्हणून जुन्या कादंबरीतली सहानुभूती जशीच्या तशी उचलून आजच्या प्रश्नाला लावता येत नाही, असे मला वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पहिली गोष्ट, धनकोला वाटले म्हणून कुणाच्या पगाराला हात घालता येत नाही. त्याला दावा लावावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो, मग त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त द्यावी लागते. तेव्हा कुठे न्यायालयाचा आदेश पगार देणाऱ्या कचेरीत पोचतो. आणि त्या आदेशाचेही हात १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने बांधून ठेवले आहेत. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावायचा नाही. म्हणजे जप्तीसाठी धरला जाणारा पगार ३१,००० असेल, तर हजार बाजूला काढा. राहिले तीस हजार. त्यांतले वीस हजार घरी जातील आणि दहा हजारांची जप्ती होईल. अशी जप्ती एकूण २४ महिने झाली की पुढचे १२ महिने पगार मोकळा. आणि ते २४ महिने एकाच हुकूमनाम्याचे असतील, तर त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा मोकळा. मजुराच्या आणि घरगड्याच्या मजुरीला तर जप्तीच नाही. सरकारी पेन्शनीला नाही, भविष्यनिर्वाह निधीला नाही.

याच कलमात आणखी एक यादी आहे. कायद्याच्या पुस्तकात इतका ओलावा असेल असे मला वाटले नव्हते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना. आपल्याकडे मंगळसूत्र म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे शब्द कुठून आले ते सांगायला नको. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, पोट भरण्यापुरती गुरे आणि बियाणे. या वस्तू बेलिफाने उचलायच्या नाहीत.

कुणी म्हणेल, ही सूट म्हणजे बुडवणाऱ्याला बक्षीसच की! घेतले आहे तर द्यावे. पगारातून सगळेच्या सगळे घ्यावे आणि मोकळे व्हावे. मी या माणसाला बियाण्याकडे बोट दाखवीन. पेरणीसाठी ठेवलेले बी ज्याने विकायला लावले, त्याने पुढच्या वर्षाचे पीकही विकले. न्हाव्याचा वस्तरा जप्त करून त्याच्याकडून कर्ज कसे वसूल होणार? एवढे व्यवहारज्ञान तर धनकोलाही हवेच. पण माझ्या मते या सुटीचे खरे कारण त्याहून खोल आहे, आणि ते त्याच कलमातल्या एका छोट्या वाक्यात दडलेले आहे. ‘मला ही सूट नको’ असे ऋणकोने स्वखुशीने लिहून दिले, तरी ते लिहिणे रद्दबातल समजावे, असे कायदा म्हणतो.

यावर थोडे थांबून विचार करावा. स्वतःचे नुकसान करून घेण्याची परवानगी कायदा माणसाला पुष्कळ ठिकाणी देतो. त्याने घर स्वस्तात विकावे, नोकरी सोडावी, जुगारी मित्राला उसने द्यावे. कायदा मध्ये पडत नाही. मग इथेच त्याची सही का चालत नाही? कारण तो ज्यावर पाणी सोडतो आहे ते त्याचे एकट्याचे नाही. त्या दोन तृतीयांशांत त्याच्या बायकोचे आहे, पोरांचे आहे, थकलेल्या आईचे आहे. त्यांच्या वाट्यावर तो सही करणार कोण? म्हणजे, पगार कुणाचा, या माझ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. पगार एकट्याचा नसतो. तो मिळवणाऱ्याच्या हातात पडतो एवढेच.

हे उत्तर किती खरे आहे हे पाहायचे असेल तर त्याच कलमाची दुसरी बाजू पाहावी. कर्जाच्या ऐवजी पोटगीचा हुकूमनामा असला, नवऱ्याने टाकलेली बायको आणि तिची मुले दारात उभी असली, तर कायदा आपला सूर बदलतो. तेव्हा पगाराचा एकच तृतीयांश त्या माणसाला ठेवायचा आणि दोन तृतीयांशांपर्यंत जप्त करता येतात. ३१,००० पगाराच्या माणसाकडून बँक दहा हजार नेऊ शकते. पण त्याच्या स्वतःच्या मुलाच्या पोटासाठी वीस हजारांहून अधिक निघू शकतात. बँकेपुढे ढाल बनून उभा राहिलेला कायदा मुलापुढे ती ढाल बरीचशी खाली करतो. याला मी लहर म्हणणार नाही. पहिल्या वेळी त्याने ज्यांचा वाटा राखला, तेच दुसऱ्या वेळी आपला वाटा मागायला आलेले आहेत.

सरकारही या रेषेबाहेर नाही. कुणाचा आयकर थकला आणि तो पगारातून वसूल करायची पाळी आली, तर १९६१ च्या आयकर कायद्यानेही पगाराचा तो राखीव भाग तसाच राखून ठेवला. जादा भरलेल्या कराचा परतावा ही मात्र निराळी गोष्ट. मागच्या एखाद्या वर्षाचा कर बाकी असेल, तर यंदाचा परतावा त्या बाकीत वळता करण्याची मुभा त्या कायद्याच्या २४५ व्या कलमाने खात्याला दिली; पण आधी लेखी कळवल्यावाचून नाही. ज्याचे देणे आणि ज्याचे येणे तोच, एवढ्यापुरते हे वळते करणे. वाण्याचे किंवा बँकेचे कर्ज थकले म्हणून आयकर खाते आपण होऊन परतावा तिकडे धाडीत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत. तिथले पगारदारही वर्षाअखेरच्या या परताव्याकडे डोळे लावून बसलेले असतात, म्हणून तिथली रीतही सांगतो. १९६८ च्या तिथल्या कायद्याने साध्या कर्जासाठी होणाऱ्या पगारजप्तीला आवर घातला. कर वगैरे कायदेशीर कपाती जाऊन हाती राहणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक घ्यायचे नाही. आठवड्याचा पगार तासाच्या किमान वेतनाच्या तीसपटीपर्यंत असेल, तर काहीच घ्यायचे नाही. एका कर्जापायी जप्ती आली म्हणून मालकाने माणसाला कामावरून काढायचे नाही, हेही त्यात आहे. मुलांच्या पोषणखर्चाला मात्र तिथेही मोठा हिस्सा, निम्म्याच्याही वर. करपरतावा तिथले सरकार मुलांचा थकलेला पोषणखर्च, सरकारची स्वतःची देणी, राज्याचा थकलेला आयकर अशा गोष्टींसाठी अडवते. खाजगी सावकाराला त्या दाराने आत येता येत नाही. आणि नवराबायकोने मिळून विवरणपत्र भरले असेल, देणे फक्त एकाचे असेल, तर दुसऱ्याला अर्ज करून परताव्यातला आपला वाटा मागता येतो. ‘वाटा’ हा आपला शब्द समुद्रापलीकडेही ओळखीचा निघतो, तो असा.

येथवर कायद्याचे गुण गायले. पण कायद्याच्या रेषेला एक फट आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात ती घरोघरी ठाऊक आहे. तिचे नाव जामीन.

आमच्या तालुक्यातले एक शिक्षक. त्यांना आपण अण्णा म्हणू. पंधरा वर्षे एकाच बाकावर शेजारी बसून काम केलेल्या सहकाऱ्याच्या मुलाला परगावी शिकायला जायचे होते. पतसंस्थेचे कर्ज मंजूर झाले, जामिनाची सही हवी होती. अण्णांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत, चहाचा कप खाली ठेवून, सही केली. पुढे त्या सहकाऱ्याने दोन वर्षे हप्ते भरले आणि मग भरणे सोडून दिले. काही अडचण होती, काही टाळाटाळ होती; दोन्हींचे मिश्रण किती हे त्यालाच माहीत. संस्थेने रीतसर वसुलीचा दाखला मिळवला आणि अण्णांच्या पगारातून दरमहा सात हजार कापले जाऊ लागले. संस्थेने बेकायदा काही केले नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आणि आधी त्याच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली एका बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. उलट पगारदाराचाच पगार सापडायला सोपा. व्यापाऱ्याचा नफा वहीत लपतो, शेतकऱ्याचे पीक पावसात वाहून जाते. मास्तराचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला दिवा लावून उभा असतो.

कपात चालू असताना मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा आणून दिला. अण्णा बाहेर फाटकापाशी कुणाशी बोलत होते, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, “भावजी, पैसे जातात त्याचे मी धरून बसले नाही. पोरीच्या क्लासचे यंदा राहिले, पुढच्या वर्षी बघू. पण परवा शेजारचा तो गवंडी सहीसाठी आला होता. गाय घ्यायची होती त्याला. हे म्हणाले, ‘माझं पेन शाळेत राहिलं.’ पेन खिशातच होतं, भावजी. त्यानंही पाहिलं ते.”

मी कर्जावर पुष्कळ वाचले आहे. पण कर्ज बुडाले म्हणजे नेमके काय बुडते, हे या चार वाक्यांइतके स्पष्ट मला कुणी सांगितले नव्हते. दरमहा सात हजार गेले ते अण्णांचे, त्यांच्या मुलीच्या क्लासचे. पण गाय गेली त्या गवंड्याची, आणि त्या गवंड्याने कुणाचे काहीच बुडवले नव्हते. बुडवणारा माणूस स्वतःची समजूत घालतो की नुकसान झाले ते संस्थेचे, आणि संस्था म्हणजे कुणीच नाही. खरे पाहता तो आपल्यानंतर रांगेत उभ्या असलेल्या गरजू माणसाच्या हातची वाटी काढून घेत असतो. गरिबाजवळ तारण ठेवायला सोने नसते, जमीन नसते. त्याच्याजवळ असते चार माणसांची सही. ती सही देणारे हात आखडले की गरिबाचे कर्ज बंद.

यावर एक आक्षेप मी शाळेत, एसटीत, चहाच्या टपरीवर पुष्कळदा ऐकला आहे. “अहो मास्तर, बडे लोक कोटी कोटी बुडवतात आणि आपण सात हजारांची नीती सांगत बसता!” आक्षेपात तथ्य आहे. कंपनी कर्जात बुडाली की तिच्यासाठी २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा आहे. तिथे धनको मंडळी एका टेबलाभोवती बसतात आणि येणे रकमेतल्या मोठ्या भागावर पुष्कळदा पाणी सोडतात. मास्तरासाठी असे टेबल कुणी मांडत नाही. ही विषमता आहे, आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे. परंतु त्या बड्या माणसाच्या पापाने अण्णांच्या मुलीचा क्लास भरला जात नाही. त्याने बुडवले हे माझ्या हप्त्याचे उत्तर होऊ शकत नाही; ते फार तर माझ्या संतापाचे कारण होईल.

आणि ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही त्याचे काय? त्याच्याकडे कायदा निराळ्या डोळ्यांनी पाहतो, आणि नीतीनेही तसेच पाहावे. हुकूमनाम्याचे पैसे दिले नाहीत म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. पण १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका निकालात बजावले की केवळ देता येत नाही म्हणून कुणाला कोठडीत घालता येणार नाही. ऐपत असून दुष्टबुद्धीने न देणे सिद्ध झाले पाहिजे. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे. न देता येणे आणि न देणे, या दोहोंतले अंतर बाहेरच्याला पुष्कळदा दिसत नाही. पण ज्याचे त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर बरोबर दिसते.

इथे मला सांगायची मुख्य गोष्ट येते. कायद्याला विचारायचा प्रश्न आहे, ‘याच्याकडून किती घेता येईल?’ स्वतःला विचारायचा प्रश्न आहे, ‘मी किती देणे लागतो?’ या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी नसतात, आणि ती सारखी समजल्यामुळे पुष्कळ अनर्थ होतो. चोवीस महिन्यांनी पगार मोकळा झाला, याचा अर्थ देणे फिटले असा नाही. उसने दिल्याला सामान्यतः तीन वर्षे झाली की दावा मुदतीबाहेर जातो. धनकोपुढे कोर्टाचे दार बंद होते, पण कर्ज मरत नाही. कायद्याला हे इतके ठाऊक आहे की, मुदत गेलेले देणे मी फेडीन, असे कुणी लेखी सहीनिशी कबूल केले, तर त्या वचनाला तो पुन्हा जिवंत करार मानतो. म्हणजे न्यायाधीशाने आपला हात काढून घेतल्यावरही त्याने एक खिडकी किलकिली ठेवली आहे, माणूस आपणहून परत येईल या आशेने. जप्तीतून वगळलेले दोन तृतीयांश घरच्यांसाठी आहेत. उरलेली सवड मात्र ऋणकोच्या स्वाभिमानासाठी आहे. बेलिफाने ओढून नेलेले हजार रुपये आणि आपण होऊन नेऊन दिलेले शंभर, यांची बेरीज एका स्तंभात करता येत नाही.

धनकोच्या बाजूलाही असाच विचार आहे. वसुलीचा हक्क आहे म्हणून वसुली कशीही करावी असे नाही. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून, उपाशी बसून त्याला देवाच्या कोपाची भीती घालीत असे. इंग्रजांच्या दंडसंहितेने तो गुन्हा ठरवला. आज दारात बसत नाहीत. दिवसाला वीस फोन करतात, नातेवाइकांना कळवतात, शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर नाव घेतात. कायद्याने पगाराचा एक तृतीयांश दिला असताना माणसाची अब्रू पूर्णपणे घ्यायची, हा कुठला हिशेब?

आणि सोडून द्यायचे असेल तर काय सोडता येते? तुकोबांविषयीची एक कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही माहीत आहे. वडिलांच्या मागे घरात लोकांच्या कर्जाची खते होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत सोडली. कथेचा एवढाच भाग आपण सांगतो आणि हात जोडतो. पण तिचा दुसरा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. त्यांनी आधी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्याच्या हवाली केला, आणि इंद्रायणीत सोडली ती फक्त आपल्या वाट्याची खते. संताच्या वैराग्यालाही दुसऱ्याच्या वाट्यावर पाणी सोडण्याचा अधिकार नव्हता, आणि त्यांनी तो घेतला नाही. पतसंस्थेच्या संचालकाने एखाद्या ओळखीच्या माणसाचे कर्ज उदार मनाने सोडून दिले, तर तो कुणाची खते नदीत टाकतो आहे, हे त्याने या कथेवरून ताडून पाहावे. सरकारने कर्जमाफी द्यावी की नाही, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याला पुष्कळ बाजू आहेत. पण तिथेही पहिला प्रश्न हाच की खते कुणाच्या वाट्याची आहेत.

दिवाळी आणि दिवाळे हे दोन शब्द इतके जवळचे का, याची एक उपपत्ती अशी सांगतात की ज्याचे दिवाळे निघाले तो व्यापारी भर दिवसा आपल्या पेढीवर दिवा लावून ठेवी. म्हणजे, माझ्याजवळ आता काही नाही, हे लपवून न ठेवता सांगण्याची ती रीत. तशी रीत आज घराघरांत हवी आहे. पगारदार माणसे कर्जाची गोष्ट बाहेर सांगत नाहीत हे ठीक. पण ती घरातही सांगत नाहीत. बायकोला कर्ज कळते ते जप्तीच्या आदेशावरून, आणि जामिनाची सही कळते ती कपातीवरून. पगारात ज्यांचा वाटा आहे त्यांना विचारल्यावाचून तो गहाण पडतो.

म्हणून या सणाच्या चार दिवसांत, बोनस हाती आला असेल तोवर, एक साधे काम करावे असे मी सुचवतो. पगारपत्रक घरात सर्वांसमोर मांडावे. कपातींतली एकेक ओळ मोठ्या मुलामुलींना समजावून सांगावी. कुणाचे देणे आहे, किती वर्षांचे आहे, कुणासाठी जामीन राहिलो आहोत, ते सांगावे. मुदतीबाहेर गेलेले एखादे जुने उसने असेल, देणाऱ्याने मागायचे सोडले असेल, तर फराळाचे ताट त्याच्या घरी पाठवताना निदान पहिला हप्ता एका पाकिटात घालून सोबत द्यावा. आणि कुणी जामिनाची सही मागायला आला, तर ‘पेन शाळेत राहिले’ असे म्हणू नये. घरात विचारतो आणि उद्या सांगतो, असे म्हणावे, आणि खरोखरच घरात विचारावे.